मगदूम ओशन हाइट्स

"टाकी वरच पाहिजे," अण्णा मगदूम म्हणाले. "खालनं पाणी चढवायचं म्हटलं की आली मोटर, आलं लाइटबिल. सत्तावीस वर्षं बिल्डिंगी बांधतोय मॅडम. एक तरी टाकी तळघरात बघितलीय का तुमी?"

"ही बिल्डिंग नाही," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय मी. बिल्डिंग न्हाई म्हणून पाचशे लिटरची घातली. बिल्डिंग असती तर दोन हजाराची घातली असती."

आम्ही दोघं त्यांच्या बोटीच्या वरच्या मजल्यावर उभे होतो. वरचा मजला हा शब्द त्यांचा. मूळ नकाशात तिथे केबिनचं हलकं छप्पर होतं आणि छपरावर एक दिवा. आता तिथे प्लास्टिकची हिरवळ होती, चकचकीत स्टीलचं रेलिंग होतं, लोखंडी अँगलच्या तिवईवर काळी टाकी होती आणि टाकीच्या पुढ्यात, पितळी कड्यांना टांगलेला, शिसवी फळीचा झोपाळा होता. झोपाळा वाऱ्यावर एकटाच हलत होता.

सतरा वर्षं झाली याला. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. भौतिकशास्त्र आणि मग जहाजबांधणी शिकून रत्नागिरीच्या एका छोट्या फर्ममध्ये लागले होते. बोट पाण्यावर कितपत स्थिर आहे ते तपासायचं आणि कागदावर सही करायची, हे माझं काम. त्या सहीशिवाय बोटीवर पाहुणे घेता येत नसत. त्या दिवशी गुरुवार होता. शनिवारी अण्णांच्या मुलीचा, पद्मजाचा, साखरपुडा होता. बोटीवर, खाडीच्या बाहेर, भर समुद्रात. ती सगळी माणसं परत येतील की नाही, एवढंच मला सांगायचं होतं.

बोट मुळात फार चांगली होती, हे मला आजही सांगावंसं वाटतं. परराज्यातल्या एका यार्डात बांधलेली, चाळीस फुटी, दोन डिझेल इंजिनांची. पुढच्या निमुळत्या टोकात दोघांना झोपायची जागा, गादीखाली सामानाचे कप्पे. मध्ये बैठक, तिथलं टेबल खाली दाबलं की त्याचाच पलंग व्हायचा. दोन शेगड्यांच्या ओट्याला बोटभर उंच कड होती, म्हणजे बोट कलली तरी पातेलं घसरू नये. सुकाणूशेजारी सरकतं दार, चालकाला दोन पावलांत बाहेर येऊन दोर धरता यावा म्हणून. संडासाचं दार बाहेरच्या बाजूला उघडायचं. आत कुणी पडलंच, तर दार अडू नये. मागे पाण्यालगत, चढाउतरायला, रुंद फळ्यांचं फळाट आणि दुमडती शिडी. आणि इंजिनं, डिझेल, पाणी, बॅटऱ्या, जे जे म्हणून जड ते सगळं पायाखाली. ज्यानं कुणी हा नकाशा काढला होता त्याला माणसं बोटीत कशी पडतात हे ठाऊक होतं.

अण्णांनी, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, फक्त फिनिशिंग केलं होतं.

ओट्याची कड फडका मारताना अडते म्हणून ती गेली आणि वर काळा ग्रॅनाइट आला. गोल कोपऱ्यांत फर्निचर बसत नाही म्हणून कोपरे चौकोनी झाले. झोपायच्या जागेवर माळा आला, कारण घराला माळा लागतोच. जीवरक्षक जाकिटं त्या माळ्यावर, गाद्यांच्या मागे गेली. बैठकीत संगमरवरी देवघर बसलं. पायाखालची पाण्याची टाकी काढून त्या जागी चपलांचा कप्पा केला. मागच्या अंगावर सोनेरी अक्षरांत नाव लिहिलं होतं: मगदूम ओशन हाइट्स. कोल्हापुरातल्या त्यांच्या तिन्ही इमारतींच्या नावात हाइट्स होतं. हिनं काय पाप केलं होतं?

खाली बैठकीत त्यांचे वास्तुतज्ज्ञ चंद्रचूड गुरुजी होकायंत्र घेऊन उभे होते.

"देवघर ईशान्येला, स्वयंपाकघर आग्नेयेला," ते मला म्हणाले. "तंतोतंत."

"आत्ता. बोट वळली की?"

गुरुजींनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "बाई, माणूस कोल्हापूरहून मुंबईला गेला म्हणून त्याची कुंडली बदलते का? वास्तूची दिशा जन्मवेळेची धरतात. ही वास्तू या जेटीला जन्मली."

"बोट परराज्यात बांधलीय."

"तो गर्भकाळ."

मी माझी पिशवी उघडली.

ही तपासणी करायची रीत साधी असते. दोर सैल सोडून बोट पाण्यावर मोकळी ठेवायची. केबिनमध्ये ओळंबा टांगायचा आणि त्याचं वजन तेलाच्या बादलीत बुडवायचं, म्हणजे तो उगाच डुलत नाही. मग ठरावीक वजन बोटीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर न्यायचं आणि ओळंबा किती सरकला ते मोजायचं. वजनासाठी अण्णांनी सिमेंटची आठ पोती मागवली होती. पोत्यांची त्यांना कधीच वाण नव्हती.

ओळंबा बघून ते खूश झाले. "आत्ता कसं बोललात! माझ्या बापाच्या हातात जन्मभर हेच हुतं. ह्यो खोटं बोलत न्हाई मॅडम. माणूस बोलंल, कागुद बोलंल, ह्यो न्हाई."

"मग आज तो काय म्हणतो ते ऐकू या," मी म्हटलं.

दोघा गड्यांनी पहिलं पोतं उचलून पलीकडच्या काठाला ठेवलं. ओळंब्याचा दोरा पट्टीवरून सरकू लागला. चार सेंटिमीटरवर थांबेल असा माझा अंदाज होता. तो सहावर गेला, नवावर गेला, बारावर जाऊन थांबला.

"दुसरं पोतं उचलू नका," मी म्हटलं.

"का?" अण्णा पट्टीवर वाकले. "बारा! पयल्याच पोत्याला बारा! कितीपैकी मॅडम?"

"चारच्या वर जायला नको होता."

"मग तिप्पट की!"

मी वही मिटली आणि त्यांना समोर बसवलं. कललेली बोट पुन्हा सरळ होते ती तिच्या स्वतःच्या ताकदीनं, मी सांगितलं. त्या ताकदीचं माप असतं. या बोटीला ते पस्तीस सेंटिमीटर पाहिजे, अकरा आहे. तेही वर एकही माणूस नसताना. वर माणसं चढली की अकराचं शून्य होईल आणि शून्याच्याही खाली जाईल. मग बोट कलेल ती सरळ होणारच नाही. उलटेल.

"किती वेळात?"

"तुम्ही आत्ता हा प्रश्न विचारलात ना, एवढ्या वेळात."

अण्णांनी पट्टीवरच्या बाराच्या आकड्यावर बोट टेकवलं. मला वाटलं, समजलं. मग ते म्हणाले, "उपाय सांगा."

"टाकी काढा, झोपाळा काढा, ग्रॅनाइट काढा, वरचा मजला काढा."

"म्हंजे बोट काढा आणि पाणी ठेवा."

"ओळंबा तुम्हीच बघितलात."

"ओळंबा भिंतीला लावायचा असतो, मॅडम. पाण्याला लावला तर त्यो तरी काय करणार?" ते उठले. "शनिवारी सांगलीचे पाव्हणे येणार. पोरीच्या सासरची मंडळी. त्यांना काय सांगू, वर चढू नगा? वर चढायचं न्हाई तर बोट कशाला घेतली मी? होडी घेतली असती."

मी अहवाल जागेवर लिहून दिला. अण्णांनी तो वाचला नाही, पण मान राखला. देवघरात गणपतीच्या पायाशी ठेवला.

जेटीवर रेंज एकाच जागी यायची, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीशी. तिथून मी रत्नागिरीला नाबर साहेबांना फोन लावला. ते माझे वरिष्ठ. अण्णांचा फोन त्यांना आधीच गेला होता.

"निमकर, आकडा किती आलाय?"

"अकरा सेंटिमीटर. शून्य पॉइंट अकरा मीटर."

"मग त्यातल्या पहिल्या एकाचा चार करायला काय लागतं? दोन रेघा."

"त्यानं बोट सरळ होईल?"

"कागद सरळ होईल. बोटीचं ते बघतील. तुमचं प्रोबेशन संपायला किती राहिलंय?"

"पाच आठवडे. मी सही करणार नाही, सर."

"नका करू. शनिवारी दोन वाजता मी येतोच आहे जेवायला, तेव्हा करीन."

"ते साडेबाराला निघणार आहेत, सर. भरतीवर."

"म्हणजे काय, कागद वाटेत आहे असं सांगायचं. तुम्हाला भौतिकशास्त्र येतं, निमकर. ऑफिस येत नाही."

शुक्रवारी सकाळी बंदराच्या कार्यालयात जाऊन कळवावं म्हटलं, तर त्या दिवशी सरकारी सुट्टी आणि शनिवार चौथा. दाराला कुलूप होतं आणि ते अगदी नियमानुसार होतं. मी दाराच्या फटीतून अहवालाची एक प्रत आत सरकवली. ती सोमवारी मिळाल्याची पोच मला पुढे आली.

परत जेटीवर आले तेव्हा भिकाजी तारी दोरांवर पाणी मारत होता. बोट चालवायला अण्णांनी त्याला ठेवला होता. साठीचा, बारीक अंगाचा माणूस. चाळीस वर्षं ट्रॉलर हाकलेला.

"काय म्हणता बाय, तुमचो ओळंबो?"

"नापास."

"माका म्हायत होता. हंडो डोक्यार घेवन बाई चलता, ता जमिनीर. पाण्यार चललेली माका तरी कोण दिसाक नाय."

"मग तुम्ही नाही म्हणून सांगा ना, तारीमामा. चालवणाराच नसेल तर बोट जाणार कशी?"

"मिया नाय म्हटलंय तर तो दुसरो बघतलो. माजो पुतणोच येयत. तेका चार वर्सां झाली नाय सुकाणू धरून." त्यानं बादली पालथी घातली. "मिया असलंय तर निदान पोहूक येणारो एक माणूस होडयेर असतलो."

शुक्रवारी दुपारी लॉजच्या खोलीत बसून मी एक वेगळा हिशेब केला. तो कुठल्याच अहवालात नाही. बोटीची रुंदी, तळाचा आकार, जेटीलगतच्या चिखलाचा उतार, ओहोटीची वेळ. दोनदा केला. दोन्ही वेळा उत्तर सतरा अंश आलं.

शनिवारी सकाळी साडेदहाला पाहुण्यांच्या गाड्या जेटीवर आल्या. बोट बारा माणसांची होती. अण्णांचा स्वभाव धरून मी मनात चोवीस धरली होती. मुलं सोडून एकतीस उतरली. लग्नघरचं गणित मला कधी जमलेलं नाही.

चढायचा मुहूर्त दहा चाळीसचा होता. गुरुजींनी प्रत्येकाला उजवा पाय आधी टाकायला लावला आणि ते स्वतः खाली देवघरापाशी जाऊन बसले. बाकीचे सगळे, पैठण्या, शालू, सफारी, फेटे, गॉगल, लोखंडी जिना चढून वर हिरवळीवर गेले. बोट जेटीला आखडून बांधलेली होती; तसूभर हलली नाही.

"बघा!" अण्णा वरून मला ओरडले. "हलती तरी काय?"

"दोरांनी धरलीय."

"कुणी का धरंना! फोटोग्राफर, घे रे मॅडमचा पण एक."

जाकिटं घालायला सांगितलं तर केशरी रंग फोटोत बोंबलतो असं ठरलं. मुलं तीन होती. त्यांच्या मापाची जाकिटं जेटीवर काढून ठेवलीत, घालून बघायला हवीत, असं सांगून मी त्यांना एका गाडीच्या ड्रायव्हरसोबत खाली पाठवलं. ग्रॅनाइटच्या ओट्यावर आचारी शिरा परतत होता. तपासणी आहे म्हणून त्याला सिलिंडर बंद करायला लावला आणि त्यालाही जेटीवर धाडला. मग मागे, तारीकडे गेले.

"तारीमामा, चिखल किती खाली?"

त्यानं लांब काठी पाण्यात सोडली. "आता वीतभर. भरती लागली हा. साडेअकराक हातभर जातलो. आणि मगे..." त्यानं काठी वर काढली. काठीच्या टोकाला काळा, चकाकणारा गाळ होता. "मगे होडयेक चिखल गावाचो नाय."

घड्याळात अकराला पाच कमी होते.

"दोर सैल करता येतील?"

"खंयचे?"

"सगळे. मी वर गेले की. एकदम नको, हळूहळू."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग वरच्या मजल्याकडे पाहिलं, मग खाडीकडे. का म्हणून त्यानं विचारलं नाही. तोंडातलं पान पाण्यात थुंकला आणि म्हणाला, "बाय, वर गेलंस की कायतरी घट धरून रव."

मी जिना चढले. खिशात बोटीचा कल दाखवणारा कोनमापक होता, तळहाताएवढा, पितळी.

वर फोटो चालले होते. झोपाळ्यावर नवऱ्या मुलाच्या आत्याबाई बसल्या होत्या. सांगलीच्या, भरगच्च अंगाच्या, हिरवा शालू, नाकात सात मोत्यांची नथ. त्या एकदा बसल्या म्हणजे सभा भरली असं समजायचं. पद्मजा आणि नवरा मुलगा त्यांच्या शेजारी उभं राहून हसत होते.

"ह्या कोण?" आत्याबाईंनी विचारलं.

"ह्या आमच्या बोटीच्या डॉक्टरीण," अण्णा म्हणाले. "काय मॅडम, आणली का सही?"

"त्यासाठीच आलेय. एक शेवटची तपासणी राहिलीय."

"बोटीचं सोडा, आधी ह्या कडीचं बघा," आत्याबाई म्हणाल्या. "करकर करतीया. आणि अण्णासाहेब, पाव्हण्यांना नुसतं बसवूनच ठेवणार का? डॉल्फिन दावतो म्हणाला हुता."

"बाहेर गेल्यावर, आत्याबाई. खाडीत कुठला डॉल्फिन?"

पायाखाली मला ते जाणवलं. दोर सुटत होते. आतापर्यंत जमिनीसारखी घट्ट असलेली फरशी किंचित सैल झाली, झोपेतल्या माणसानं कूस बदलावी तशी. कुणाच्या लक्षात आलं नाही. एक काका म्हणाले, "वारा सुटला वाटतं." मी रेलिंग धरलं. कोनमापक दोन अंश दाखवत होता, खाडीच्या बाजूला. खाली चिखल वीतभर होता, किंवा थोडा जास्त. आणखी दहा मिनिटांनी हे सगळं करण्यात अर्थ उरणार नव्हता. आणखी दोन तासांनी ही सगळी माणसं दहा वाव खोल पाण्यावर असणार होती.

मी ओरडणारी बाई नाही. कॉलेजात हजेरीला माझा आवाज ऐकू येत नाही म्हणून दोन वेळा गैरहजेरी लागली होती.

"डॉल्फिन!" मी ओरडले. "ते बघा! उजवीकडे, पुढे! डॉल्फिन!"

फोटोग्राफर आधी धावला. मग गॉगल धावले, फेटे धावले, पैठण्या धावल्या. आत्याबाई पंचवीस वर्षांच्या मुलीसारख्या झोपाळ्यावरून उठल्या आणि दोघांना बाजूला सारून पुढच्या रेलिंगला जाऊन भिडल्या. "कुठं? कुठं? सरका की ओ!" एकतीसपैकी पंचवीस माणसं एका काठाला. अण्णा त्यांच्यात होते. खाडीत कुठला डॉल्फिन असं चार मिनिटांपूर्वी म्हणालेले अण्णा.

बोट धाडकन जात नाही. ती विचार केल्यासारखी कलते. पाच अंश. आठ. कुणीतरी हसलं. बारा. हसणं थांबलं. खाली केबिनमध्ये काहीतरी मोठं आणि दगडी घसरल्याचा आवाज आला. पंधरा. बायका किंचाळायला लागल्या. सोळा. सतरा.

सतराला चिखल लागायला हवा होता.

लागला नाही. अठरा. त्या एका क्षणात मला एकच गोष्ट दिसली. मी चोवीस धरली होती आणि ही एकतीस होती. कोनमापकाचा काटा पुढे गेला. एकोणीस.

मग खालून एक मऊ, ओला, लांबलचक आवाज आला आणि बोट थांबली. कूस चिखलात रुतली होती.

त्याच वेळी मागे लोखंड कडाडलं. तिवईचा एक पाय वाकला आणि अर्धी भरलेली टाकी सुटून खाली आली. ती झोपाळ्यावर पडली. शिसवी फळी मधोमध मोडली, टाकी तिच्यावरून उसळून रेलिंगपार गेली आणि खाडीत पडून आडवी तरंगायला लागली. आणि तिचा भार गेला तशी बोट, इतक्या सगळ्या माणसांसकट, तीन अंश सरळ झाली. माझा अख्खा अहवाल टाकीनं एका हालचालीत वाचून दाखवला.

खालून गुरुजींचा आवाज आला, "अण्णा! गणपती माझ्या मांडीवर आलाय!"

"कोणीच हलू नुको!" तारी जेटीवरून गरजला. "एकेक करून पाठीमागसून येवा! फळाटावरसून!"

पाण्यालगतचं ते रुंद फळाट आणि ती दुमडती शिडी, त्यांच्याकडे अण्णांचं फिनिशिंग पोचलं नव्हतं. माणसं बसत, सरकत, एकमेकांचे पदर धरत जिन्यानं खाली आली आणि शिडीवरून पोटरीभर पाण्यात उतरली. तारी शिडीशी उभा राहून प्रत्येकाचा हात धरत होता. गुरुजी सगळ्यांत शेवटी आले, गणपती कडेवर घेऊन. डावा पाय आधी टाकला. कुणालाही काही झालं नाही. एकाच्या गुडघ्याला खरचटलं, एक गॉगल गेला. मी दोनदा मोजली. एकतीस. आणि जेटीवर केशरी जाकिटं घातलेली तीन मुलं, आयुष्यातला सर्वांत चांगला साखरपुडा बघत असलेली.

अण्णा चिखलात उभे होते, सफारी मांडीपर्यंत काळी. कलून रुतलेल्या बोटीकडे बघत होते. तिचं सोनेरी नाव तिरकं होऊन पाण्याला टेकलं होतं. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. ते कदाचित मला मारतील असं मला वाटत होतं. वाटण्यासारखंच होतं.

"त्यो आकडा किती हुता म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

"आणि पायजे किती?"

"पस्तीस."

"मग सांगायचं की सरळ!"

"सांगितलं. लिहूनही दिलं."

"लिवलेलं कोण वाचतंय, मॅडम?" ते खरोखर वैतागले होते. "मी सत्तावीस वर्षांत एक करार वाचला न्हाई."

दोन वाजता नाबर साहेब जेवायला आले. जेवण जेटीवरच्या मंडपात उरकलं, अंगठ्याही तिथेच बदलल्या. साहेबांनी कागद खिशातून काढला नाही. महिनाअखेर माझं प्रोबेशन संपलं, म्हणजे संपवलं गेलं. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'अतिरेकी तपासणी' असं लिहिलं होतं. पण हे नंतरचं. आणि सतराच्या पुढचे ते दोन अंश, ते त्याच्याही नंतरचे. अजूनही कधी जिना उतरताना किंवा डाळ निवडताना मी तो हिशेब पुन्हा करते, एकतीस माणसं धरून. मग मोडलेल्या त्या फळीपाशी येऊन थांबते.

त्या दिवशी चिखलात मात्र मला विचार करायला वेळ मिळाला नाही. आत्याबाई शालू गुडघ्यांपर्यंत खोचून माझ्यापर्यंत आल्या होत्या. नथ जागच्या जागी होती. झोपाळ्याचं काय झालं ते त्यांनी अजून पाहिलेलं नव्हतं. त्यांचे डोळे खाडीच्या पाण्यावर होते.

"काय ओ डॉक्टरीणबाई," त्या म्हणाल्या, "मी सगळ्यांच्या पुढं हुते, पण मला काय दिसला न्हाई बघा. तुमाला खरंच दिसला?"

दोर गुंडाळणारा तारी थांबला. अण्णांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मघाचं स्वतःचं वाक्य त्यांना आता आठवत असावं.

"दिसला," मी म्हटलं.

"केवढा हुता?"

"दोन मीटर दहा सेंटिमीटर."

आत्याबाईंनी समाधानानं मान हलवली. आकडा ऐकल्याबरोबर त्यांचा विश्वास बसला.